घंटीच्या शेजारची खोली

२४ ऑगस्ट, रविवार

आज मास्तरांनी विचारलं. ब्रश पुसता पुसता, चहा घेणार का विचारावं तसं. "बाई, खिडकीजवळचं ते दुसरं टेबल तुम्ही घेता का? कायमचं, नोकरीला म्हणतोय मी."

मी इतकी गडबडले की 'बघते' म्हणाले. बाजारात भाव विचारून पुढे सरकताना म्हणतात तसं! आता जिभेला चटका द्यावासा वाटतोय.

एकवीस वर्षं मी दवाखान्यामागच्या खोलीत बसून लोकांसाठी कृत्रिम डोळे रंगवतेय आणि मला वाटायचं, आपल्याला हे येतं. इथे परदेशात शिकायला आल्यापासूनच्या या तीन महिन्यांत मास्तरांनी तो गैरसमज पार धुऊन काढला. पांढऱ्या भागावरच्या लाल शिरा मी ब्रशने काढायचे. ते रेशमाचा धागा उसवून त्याचे तंतू चिमट्याने एकेक करून मांडतात. पहिल्या आठवड्यात मी मांडलेल्या शिरा पाहून म्हणाले होते, "हा माणूस चार दिवस रडतोय वाटतं." परवा मात्र मी केलेला डोळा त्यांनी खिडकीशी नेऊन फिरवून फिरवून पाहिला आणि आपल्या कामांशेजारी ठेवला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

एक सप्टेंबरपर्यंत उत्तर द्यायचं आहे. मी नाही म्हटलं तर टेबल उंच मुलीला. ती माझ्यासोबतच शिकली. उंची इतकी की दारातून येताना रोज कपाळ आपटून घेते, पण हात सोन्याचा आहे.

खोलीवर आले आणि सांगायला कुणी नव्हतं. खाली लाँड्रीवाल्या बाई होत्या, त्यांना 'छान हवा आहे' म्हणाले.

२७ ऑगस्ट, बुधवार

आईंना फोन केला. आई म्हणजे सासूबाई. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, आणि त्या काळचा तीन मिनिटांचा कॉल त्यांच्या हाडीमांसी खिळलाय. लाइन चालू आहे तोवर कामाचं बोला, बाकीचं पत्रात लिहा. पत्र मात्र कधी येत नाही.

टेबलाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग घे की."

"आणि तुमचं?"

"माझं काय अडलंय?"

काही अडलेलं नाही असं आई म्हणाल्या की समजावं, सगळं अडलंय. गुडघा दुखत नाही म्हणाल्या होत्या तेव्हा चार दिवस जिना उतरल्या नव्हत्या. हे गेले त्या आठवड्यातही 'मी बरी आहे' हेच चालू होतं. नऊ वर्षं झाली, आम्ही दोघीच आहोत त्या घरात. वरच्या फळीवरचे डबे त्यांच्या हाताला लागत नाहीत, गॅस बंद केलाय का ते दोनदा बघावं लागतं. हे मी फोनवर कसं बोलायचं?

मी शब्द जुळवत होते तेवढ्यात त्यांनी विषयच बदलला. "येताना शहरात उतरणार आहेस ना? रेल्वे तिसऱ्या दिवशीची घे. घंटीकडे जाऊन ये."

घंटी ही त्यांची एक्स्चेंजमधली मैत्रीण. शेजारच्या खुर्चीवर बसायची. तिच्या हसण्यामुळे साहेब फोन आला समजून धावत यायचे म्हणे. गेली चार वर्षं ती शहरातल्या एका वृद्धनिवासात राहते.

"तिची जागा नीट बघ," आई म्हणाल्या. "जिन्याच्या पायऱ्या मोज. खिडकीतून सकाळचं ऊन येतं का ते बघ. नळाला गरम पाणी आहे का. आणि जेवताना माणसं बोलतात का गप्प असतात, तेही बघ. तीन मिनिटं झाली."

चौकशा करण्यातच जन्म गेला या बाईचा. मैत्रिणीची काळजी वाटतेय, हे सरळ सांगायला काय जातं?

२९ ऑगस्ट, शुक्रवार

निघाले. मास्तर दारापर्यंत आले. "सोमवारी फोन करा," एवढंच म्हणाले. उंच मुलीने मिठी मारली आणि माझं नाक तिच्या बटणावर आपटलं.

विमानात शेजारच्या माणसाने काय करता विचारलं. सांगितल्यावर तो माझ्याकडे बघायचाच बंद झाला. नेहमीचंच आहे. लोकांना वाटतं, मी त्यांच्या डोळ्यांत खोट शोधतेय. मी फक्त रंग बघत असते. त्याचे मधासारखे होते, कडेला हिरवट.

संध्याकाळी शहरात उतरले. लॉजच्या खोलीत दोन पलंग आहेत. एकावर मी, दुसऱ्यावर बॅग. घरी जायला अजून सहा तासांची रेल्वे आहे, पण माझं तिकीट सोमवारचं. खाली रस्त्यावर चष्म्यांची सहा दुकानं ओळीने आहेत, सगळी उघडी, एकातही गिऱ्हाईक नाही. एक फेरी मारून आले. तीन महिने परक्या भाषेत राहिले, आता सगळं कळतंय आणि तरी माझ्याशी कुणी बोलत नाहीये. वेटरने 'अजून काही?' विचारलं, तर उगाच एक चहा आणखी मागवला.

३० ऑगस्ट, शनिवार

घंटीमावशीकडे जाऊन आले. सगळं नीट लिहून ठेवते, नाहीतर आईंच्या सरबत्तीपुढे टिकाव लागायचा नाही.

पायऱ्या अकरा, शिवाय लिफ्ट आहे. गरम पाणी सकाळ-संध्याकाळ. मावशींचा चेहरा सुपारीएवढा झालाय, पण हसणं तेच असावं. मी दारात उभी राहिले तर म्हणाल्या, "आली सूनबाई! इन्स्पेक्शनला पाठवलंय ना तुला?" आणि हसल्या. समोरच्या खोलीतल्या बाईंनी दार उघडून बघितलं.

त्यांची खोली पश्चिमेची आहे. "सकाळचं ऊन शेजारच्या खोलीत येतं," म्हणाल्या, आणि मला ओढतच तिकडे घेऊन गेल्या. ती खोली रिकामी आहे. भिंतींना नवा रंग, एक पलंग, एक खुर्ची. मावशींनी टेप काढली आणि माझ्या हातात दिली. "जरा ती भिंत मोज गं. कपाट मावेल का सांग. तुमच्या घरच्यासारखं, तीन दारांचं."

मला वाटलं, मावशींना खोली बदलून घ्यायची असेल. मोजून दिलं. तीन दारांचं मावतं, पण खिडकीची एक झडप अर्धीच उघडेल. तसं सांगितलं तर मावशी कागदावर लिहून घेत म्हणाल्या, "झडपेचं चालेल म्हणावं." कुणाला म्हणावं, ते काही बोलल्या नाहीत. वय झालंय.

मग जेवायला खाली. सोळा-सतरा माणसं. गप्प कसली, नुसता गलका! एका टेबलावर पत्ते चालू होते आणि एक आजोबा उघड उघड लबाडी करत होते. पलीकडे एक बाई बसल्या होत्या, त्यांचा डावा डोळा कृत्रिम. तपकिरी रंगात तांबडा जास्त पडलाय, लांबूनही कळतं. माझ्या हातांना नुसती खाज सुटली. न राहवून त्यांना खिडकीशी बसवून उजव्या डोळ्याचा रंग वहीत टिपून घेतला, म्हटलं, घरी जाऊन नवा करून पाठवते. माझं काम असंच असतं. माणसाला उजेडात बसवायचं आणि तास-दीड तास त्याच्याकडे बघत राहायचं. माणसं मग बोलत सुटतात. त्या म्हणाल्या, "घंटीच्या शेजारी राहायला तुमच्याच घरून येणार ना?"

मलाच राहायला येणारी समजल्या! सत्तेचाळिसाव्या वर्षी! या तीन महिन्यांत केस जरा पांढरे झालेत, मान्य आहे. परत येताना दुकानाच्या काचेत दोनदा बघितलं.

निघताना मावशींनी माझे दोन्ही हात धरले. "तू फार चांगली मुलगी आहेस. तिला अडवू नकोस हं." मी म्हटलं, मी कशाला अडवीन, त्यांना वाटेल तेव्हा त्या तुम्हाला फोन करू शकतात.

३१ ऑगस्ट, रविवार

आज दिवसभर विचार केला. नदीच्या काठाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. बाकांवर सगळीकडे दोघं-दोघं बसलेली. एका बाकावर एक म्हातारा एकटाच होता, पण त्याच्याकडे कुत्रा होता.

मास्तरांच्या खिडकीजवळचं टेबल डोळ्यापुढून जात नाही. उत्तरेचा उजेड, संथ, दिवसभर न बदलणारा. आमच्या मागच्या खोलीत चारनंतर दिवा लावावा लागतो आणि दिव्यात रंग फसवतात. पण मग आई येतात डोळ्यापुढे. जेवताना समोर रिकामी खुर्ची ठेवून बसलेल्या. मी तिकडे ब्रश घेऊन बसायचं आणि ह्यांच्या आईने अशा वृद्धनिवासात जाऊन पडायचं? ह्यांना काय तोंड दाखवू?

आणि तेव्हा लक्षात आलं. आईंनी मला तिकडे पाठवलं ते मैत्रिणीसाठी नव्हे. त्यांना भीती वाटतेय. मी टेबल घेतलं तर आपल्याला अशाच ठिकाणी ठेवतील, म्हणून त्या पायऱ्या मोजायला लावत होत्या. बिचाऱ्या! मी किती आंधळी!

लगेच फोन केला. खोटं बोलले, पण त्यांच्या भल्यासाठी. म्हटलं, "आई, फार उदास जागा आहे हो. कुणी कुणाशी बोलत नाही. कोंदट वाटतं. बघवत नाही. मी तुम्हाला तिथे कधीही ठेवणार नाही, शब्द देते."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आई?"

"घंटी हसली का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. आता एकदा सुरू केलंय तर पुरतं करावं.

"बरं. तीन मिनिटं झाली," म्हणून त्यांनी ठेवला. घड्याळात बघितलं, मिनिटभरच झालं होतं. त्यांना गहिवरून आलं असणार. मलाही आलं.

१ सप्टेंबर, सोमवार. स्टेशनवर

मास्तरांना फोन केला. सासूबाई वयस्कर आहेत, त्यांना माझ्याशिवाय कुणी नाही, त्यामुळे जमायचं नाही, असं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी जराही आग्रह केला नाही. "ठीक आहे बाई, हात चालू ठेवा," म्हणाले. मी आभार मानले, त्यांनीही मानले, मग पुन्हा मी मानले.

खरं लिहू? फोन ठेवल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. परीक्षा रद्द झाल्यावर वाटतं तसं. योग्य तेच केलं असणार, म्हणूनच वाटलं.

रेल्वे वीस मिनिटं उशिरा आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार

घरी. आईंनीच दार उघडलं. केस कापलेत, खांद्यापर्यंत! छान दिसतात, पण मला धक्काच बसला. "कोण विंचरत बसणार रोज," म्हणाल्या.

घर लख्ख आहे. वरच्या फळीवरचे डबे खाली आलेत, एका ओळीत, चिठ्ठ्या लावून. गॅसशेजारी पाटी, 'बंद केलास का?' स्वतःलाच अरे-तुरे! त्यांचं तीन दारांचं कपाट अर्धं रिकामं आहे. जुने कपडे वाटून टाकले असतील. मधूनच त्यांना साफसफाईचा झटका येतोच.

जेवताना फार बोलल्या नाहीत. मी मास्तरांच्या गमती सांगितल्या. टेबलाबद्दल त्यांनी विचारलं नाही, मीही म्हटलं, एकदा निवांत सांगू, म्हणजे त्यांना आनंद नीट घेता येईल.

४ सप्टेंबर, गुरुवार

कसला आनंद आणि कसलं काय!

सकाळी चहा देताना सांगितलं, "आई, मी नाही म्हणून कळवलं. कुठेही जात नाहीये मी. आता निर्धास्त राहा."

त्यांनी कप खाली ठेवला. "कुणाला विचारून?"

"म्हणजे?"

"कुणाला विचारून नाही म्हणालीस?"

"तुम्हाला एकटं टाकून कशी जाऊ मी?"

"मला?" आई म्हणाल्या. "अगं, मी कुठे एकटी आहे? एकटी तू आहेस!"

मग नऊ वर्षांचं साचलेलं बाहेर यावं तशा त्या बोलल्या. घंटी चार वर्षं बोलावतेय. शेजारची खोली जूनमध्ये रिकामी झाली तेव्हाच त्यांनी हो कळवलंय. एक ऑक्टोबरपासून. मी परदेशी गेले तेव्हा त्यांनी मुद्दाम घर एकटीने चालवून पाहिलं, जमतं की नाही ते कळायला, आणि जमलं. टेबलाचं ऐकलं तेव्हा त्यांना वाटलं, चला, दोघींचंही सुटलं.

"नऊ वर्षं मी इथे कशाला राहिले?" त्या म्हणाल्या. "हा गेला, तू रात्रंदिवस त्या मागच्या खोलीत. घरी येऊन तोंड उघडायची नाहीस. म्हटलं, पोरगी एकटी पडेल. घंटीला म्हटलं, अजून एक वर्ष थांब. अजून एक वर्ष. आणि परवा तू म्हणालीस, तिथे कुणी हसत नाही. मी रात्री बसून नाही म्हणायचं पत्र लिहिलंय तिला. अजून टाकलेलं नाही."

मला बसायलाच खुर्ची सापडेना. शेवटी जमिनीवर बसले.

"मी खोटं बोलले," मी म्हटलं.

"काय खोटं?"

"सगळंच."

त्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, "आता खरं सांग. पहिल्यापासून."

सांगितलं. अकरा पायऱ्या, लिफ्ट, सकाळचं ऊन, अर्धीच उघडणारी झडप. पत्त्यांत लबाडी करणारे आजोबा. मावशी हसल्या तेव्हा समोरचं दार कसं उघडलं ते. आई मध्ये मध्ये विचारत होत्या, हातावर हनुवटी टेकून. चहा गार झाला, दुसरा केला, तोही गार झाला. खिडकीतून त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला होता. चोवीस वर्षांत मी त्यांच्या डोळ्यांचा रंग कधी बघितला नव्हता. काळे समजायचे. काळे नाहीत, गडद तपकिरी आहेत, आणि वयामुळे कडेला राखाडी वर्तुळ आलंय.

शेवटी त्या उठल्या आणि ते पत्र फाडलं. मला राग आला. हो, आला. लिहून ठेवते. मी त्यांच्यासाठी टेबल सोडलं आणि त्या मलाच सोडून चालल्यात.

१० सप्टेंबर, बुधवार

दवाखान्यात रुजू झाले. डॉक्टर म्हणाले, "आता परदेशी शिकून आलात, आम्हाला ओळख द्याल ना?" सगळे हसले. मीही हसले.

आईंशी दोन दिवस मूग गिळून राहिले. तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "रुसायचं असेल तर ऑक्टोबरनंतर रुस. आता दिवस थोडे आहेत." हे मला पटलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

आईंना पोचवायला आदल्या दिवशीच आलो. कपाट काल ट्रकने आलंय. मोजलं होतं तसंच बसलं. घंटीमावशी दारातच उभ्या होत्या. दोघी तीस वर्षांनी भेटल्या आणि मिठी वगैरे काही नाही. मावशी म्हणाल्या, "उशीर केलास." आई म्हणाल्या, "लाइन बिझी होती." मग अशा काही हसल्या की मला कॉरिडॉरमध्ये जाऊन उभं राहावं लागलं.

ज्या बाईंसाठी डोळा केला होता त्यांना दिला. रंग तंतोतंत जुळला. शिरा रेशमाच्या. त्या आरशापुढून हलेचनात.

संध्याकाळच्या रेल्वेने एकटी परत. आत्ता रेल्वेतच लिहितेय. समोरची सीट रिकामी आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

घर फार मोठं आहे हे मला माहीत नव्हतं. कपाटाच्या जागी भिंतीचा फिका चौकोन उरलाय. तीन वेळा दोघींचा चहा टाकला. चौथ्यांदा मुद्दाम टाकला आणि दोन्ही कप मीच प्यायले.

फार एकटं वाटतंय. दुसऱ्या कुठल्या शब्दात हे लिहिता येत नाही.

सारखी स्टेशनवरची ती सोमवारची सकाळ आठवते. मास्तरांना मी काय सांगितलं ते, आणि नंतर सुटल्यासारखं का वाटलं ते. आईंसाठी नाही म्हणाले नव्हते मी. घाबरले होते. परकी भाषा, त्या उंच पोरीचा हात, माझ्याहून चांगला. आपल्याला नाही जमलं तर तोंड काळं करून कुठे जायचं? आईंचं वय आयतं हाताशी होतं, ते पुढे केलं. ह्यांचं नावसुद्धा घेतलं. वहीलाही खोटं सांगितलं, हेच विशेष.

७ ऑक्टोबर, मंगळवार

धीर करून मास्तरांना फोन केला. म्हटलं, त्या दिवशी मी कारण खोटं दिलं. मला भीती वाटली होती. मला यायचंय. टेबल आहे का?

टेबल गेलं. उंच मुलगी महिनाभर झाला तिथे बसतेय. त्यांना वाईट वाटलं, हे आवाजात कळत होतं. दुसरं टेबल मांडायला खिडकीच नाही, म्हणाले.

मग आईंना फोन लावला. आता त्यांच्या आड लपायची सोय नव्हती. सरळ सांगितलं, "आई, विचारलं मी. जागा गेली. मी घाबरून नाही म्हणाले होते, तुमच्यासाठी नाही."

"माहीत होतं मला," आई म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"तुला माहीत व्हायला हवं होतं. मला होऊन काय उपयोग?" मागे गलका चालला होता. कुणीतरी पत्ते आपटले, घंटीमावशी हसल्या आणि त्यांनी आईंना नावाने हाक मारली. "जगात काय एकच टेबल आहे का गं? दुसरीकडे विचार. दहा ठिकाणी विचार. ऐकलंस?"

"हो."

मला अजून बोलायचं होतं. घरात किती शांत आहे, सकाळी उठल्यावर मी कुणाला हाक मारायला जाते, ते सगळं. पलीकडून पुन्हा हाक आली. आई जरा घुटमळल्या. चोवीस वर्षांत त्यांनी मला कधी काही विचारून केलं नव्हतं.

"माझी खेळायची पाळी आलीय," त्या म्हणाल्या. "जाऊ का गं?"

"जा," मी म्हटलं.